पाठमोरा देश

मला रागावलेली माणसं आवडतात. हसरी, समजूतदार, 'जाऊ दे ना' म्हणणारी माणसं मला दहा मिनिटांत पेंग आणतात. पण एखादा माणूस जिना चढता चढता स्वतःशीच भांडत येत असेल, तर मी गॅस बंद करून दारापाशी जाऊन उभी राहते. भाईंदर पश्चिमेला आम्ही भाड्याने राहत होतो तेव्हा हे सुख मला रोज मिळायचं. आमचे घरमालक आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहायचे आणि इमारतीला लिफ्ट नव्हती.

पहिल्या मजल्यावर ते जिन्यात ठेवलेल्या चपलांच्या कपाटावर रागवायचे. दुसऱ्यावर आमच्या पायपुसण्यावर, कारण त्यावर 'वेलकम' लिहिलेलं होतं. "ज्याला बोलावलंय त्याला ठाऊक असतं, ज्याला बोलावलं नाही त्याला कशाला सांगताय?" असं ते पायपुसण्याला विचारायचे. तिसऱ्यावर पोचेपर्यंत दम संपलेला असायचा, मग कुलूप न उघडणाऱ्या किल्लीला फक्त एक 'हं'. तो 'हं' ऐकला की मी पुन्हा गॅस लावायची.

घर बघायला आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा एजंटने सुरुवात केली, "सर, वन बीएचके, सेमी फर्निश्ड..." घरमालकांनी, ज्यांना आम्ही पुढे काका म्हणू लागलो, त्याला नजरेनेच गप्प केलं. मग त्यांनी उजवा हात डोक्याच्या वर सरळ नेला, आमच्याकडे तोंड केलं आणि उलटं चालत आम्हाला घर दाखवलं.

"माझ्या मागे स्वयंपाकघर. ओटा जरा बुटका आहे. कपाटं उघडून बघायची असतील तर आत्ता बघा, नंतर विचारायचं नाही."

आम्ही मुकाट्याने कपाटं उघडली.

"आता माझ्या मागे बाल्कनी. पूर्वी इथून खाडी दिसायची. आता समोरच्या टॉवरची बाथरूमं दिसतात. फोटो काढण्यासारखं काही नाही. पुढे चला."

दारात आल्यावर त्यांनी आमच्यावरून बोट फिरवलं. मी, नवरा, एजंट. "आले सगळे," असं स्वतःशी म्हणाले आणि दिवा घालवला. खाली उतरल्यावर माझा नवरा म्हणाला, हा माणूस चक्रम आहे, आपण दुसरं बघू. मी म्हटलं, हेच घ्यायचं. पुढची पाच वर्षं मला त्याचा पश्चात्ताप झाला नाही.

काका टूर लीडर होते. एका प्रवासी कंपनीच्या सहलींना माणसं परदेशात नेणं आणि नेली तितकी परत आणणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मग कंपनीने गाशा गुंडाळला आणि काका घरी बसले. काकू त्याच्या बऱ्याच आधी गेल्या होत्या. मुलगी, प्राजक्ता, लग्न होऊन डोंबिवलीला. त्यामुळे रविवारी आमचा पेपर आमच्याआधी वाचायला ते खाली यायचे आणि चहाच्या दुसऱ्या घोटाला त्यांचा राग सुरू व्हायचा.

"लोक म्हणायचे, काय नशीब आहे हो तुमचं, सारखे परदेशात. नशीब म्हणे." पेपर मांडीवर आपटायचा. "थायलंडला मी किती वेळा गेलो ते मीही विसरलो. काय बघितलं मी तिथे? बसमध्ये मी ड्रायव्हरशेजारी उभा. हातात माइक. तोंड ह्यांच्याकडे, पाठ काचेकडे. 'माझ्या मागे आपल्याला नदी दिसते आहे.' ह्यांना दिसते आहे ना. मला काय दिसतंय? खाकरा खाणारी माणसं. 'माझ्या मागे राजवाडा.' मला खाकरा. आख्खा देश माझ्या पाठीमागून निघून गेला, कळलं का?"

"मग वळून बघायचं ना, काका," मी काडी टाकायची.

"वळून? वळलं की एक जण कमी. मला अनुभव आहे. एकदा वळलो होतो. तो आडवा झोपलेला सोन्याचा बुद्ध आहे ना, केवढा मोठा, नुसते तळवे बघत राहावं असा. मी म्हटलं, एक क्षण बघू. मान अर्धी वळवली, तेवढ्यात दंडाला कोणीतरी बोट टोचलं. कोण? सुलभाताई. 'लीडर, रात्रीच्या जेवणात बटाटा आहे का हो?' त्या बुद्धाचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही. सुलभाताईंचा मात्र झोपेतही दिसतो."

सुलभाताई कोण, कुठल्या, हयात आहेत का, मला ठाऊक नाही. पण त्या बाईंवर काकांचा इतका ताजा राग होता की आज मला बटाट्याच्या काचऱ्या करतानाही त्या आठवतात.

अशाच एका रविवारी काकांनी पेपर घडी घालून टेबलावर ठेवला, आपटला नाही, आणि म्हणाले, "मी जाणार आहे. थायलंडला. एकटा."

त्या वर्षी तिथे जायला आपल्याला व्हिसा लागत नव्हता. काकांचं म्हणणं असं, की देशाच्या उत्तरेच्या टोकाला जायचं, तिथून खाली यायला निघायचं, तेही सगळ्यात हळू गाडीने, जी दर स्टेशनावर थांबते तिने. खिडकीकडे तोंड करून बसायचं. स्टेशन आवडलं की उतरायचं. नाही आवडलं तर पुढचं.

"रात्री राहणार कुठे?"

"झोप येईल तिथे."

"आणि परत कधी?"

"जायचं ठरलंय. एका वेळी एकच गोष्ट ठरवायची."

बोलणं सोपं होतं. पण ज्या हाताने आयुष्यभर सहलींचे कार्यक्रम आखले, त्या हाताला काही न आखता येईना. काका नकाशा घेऊन आमच्या टेबलावर बसायचे. नुसतं नकाशाकडे बघत बसायचं असं ठरवलेलं असायचं, आणि पाचच मिनिटांत समासात बारीक अक्षर उमटायचं: 'सकाळी ७ वेक-अप. ७.३० नाश्ता. ८.१५ लॉबीत जमणे.' ते स्वतःच्या लक्षात आलं की काका हाताकडे असे बघायचे, जसा काही तो शेजाऱ्याचा हात आहे. "लॉबी. कसली लॉबी? कोण जमणार आहे? मीच जमणार, मीच माझी वाट बघणार?" मग ते टराटरा खोडायचं. आमच्या घरात थायलंडचा जो नकाशा होता त्याच्या समासात एक इंचही जागा उरली नव्हती, आणि सगळी जागा खोडाखोडीने भरली होती.

"मला सराव लागणार," एके दिवशी ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उत्तनकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले, तिकीट शेवटपर्यंतचं काढलं, आणि मनात येईल तिथे उतरायचं म्हणून तारोडीला उतरले. दुपारच्या आत परत आले ते जिन्याच्या प्रत्येक पायरीवर बोलत.

झालं होतं असं, की गावात उतरून काका नुसते इकडेतिकडे बघत उभे राहिले. वाळत घातलेल्या मासळीपाशी एक म्हातारी बसली होती. तिने विचारलं, "कोणाकडं आलाय?"

"कोणाकडे नाही."

"मंग काय काम हाय?"

"काही काम नाही. सहज उतरलो."

म्हातारीने शेजारणीला हाक मारली. "ह्यो बग. कोणाकडं न्हाय, काम न्हाय, आन् उतरलाय. चोर हाय न्हायतं बिल्डर हाय."

दोघींनी मिळून काकांना पुढच्या बसमध्ये बसवून दिलं आणि बस सुटेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

मी इतकी हसले की मला खाली बसावं लागलं. काका मात्र खरोखर दुखावले होते. "म्हणजे ह्या देशात माणसाने विनाकारण कुठे उतरायचं नाही का?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, काका, म्हणून तर तुम्ही दुसऱ्या देशात चाललात. हे त्यांना पटलं आणि त्याच दिवशी त्यांनी विमानाचं तिकीट काढलं.

इथपर्यंत सगळी गंमत होती. ह्यापुढचं सांगताना मला आजही राग येतो, आणि मी तो आवरणार नाही.

काकांनी सोसायटीचे सेक्रेटरी शहाभाई ह्यांना सांगितलं, की मी महिनाभर नाही, घरावर लक्ष ठेवा. नियमाने सांगावं लागतं म्हणून सांगितलं. शहाभाईंनी विचारलं, "किधर, काका?" काकांनी खरं ते सांगितलं.

"थायलंड?" शहाभाईंनी आजूबाजूला बघितलं. "अकेले?"

"हो. अकेले."

"वाह काका, वाह. इस उमर में भी." आणि त्यांनी डोळा मारला.

तो डोळा संध्याकाळपर्यंत चारही मजले चढला. वाण्याने मारला, डेअरीवाल्याने मारला. न्हाव्याने काकांचे केस कापताना आरशातून मारला, आणि "डाय करू काय, काका? जरा यंग दिसाल," असंही विचारलं. ज्यांनी आयुष्यात काशीगावच्या पलीकडे पाय टाकला नव्हता त्यांनाही थायलंडात काय काय असतं ते सविस्तर माहीत होतं. मेडिकलच्या दुकानात काका प्रवासासाठी पोट बिघडल्यावरच्या गोळ्या घ्यायला गेले, तर दुकानदाराने गोळ्या दिल्या आणि काउंटरवर वाकून हळूच विचारलं, "काका, और कुछ? शरमाना नहीं."

मी मागेच उभी होते. काकांच्या मानेची शीर मी फुगताना पाहिली. त्यांनी हात डोक्यावर सरळ नेला आणि बसच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात बोलायला सुरुवात केली.

"ऐका सगळे. मी थायलंडला चाललोय. मला आगगाडीत बसायचंय आणि भाताची शेतं बघायची आहेत. शे-तं. मला संडास लागली तर ह्या गोळ्या पुरे आहेत. ह्याच्या पलीकडे मला काही लागणार नाही. कोणाला काही शंका?"

कोणाला शंका नव्हती. पण आम्ही पायरी उतरत असताना मागे हसू फुटलं. मी परत आत गेले आणि त्या दुकानदाराला जे बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की त्यानंतर तिथे राहत होतो तोवर आम्ही खोकल्याचं औषधसुद्धा स्टेशनच्या पलीकडून आणलं.

एका म्हाताऱ्या माणसाला खिडकीतून शेतं बघायची आहेत. ह्यात न समजण्यासारखं काय आहे? पण नाही. एकटा माणूस म्हटला की आपल्याला त्याच्या एकटेपणात काहीतरी शिजताना दिसतं. जोडीने गेला तर दर्शन, घोळक्याने गेला तर सहल, एकटा गेला की भानगड.

बातमी डोंबिवलीला पोचली. प्राजक्ता पुढच्याच शनिवारी आली. तीही चढता चढता बोलत येणाऱ्यांतली, फक्त तिचा दम तिसऱ्या मजल्यानंतरही संपायचा नाही. तिने मला वर बोलावून घेतलं, साक्षीदार म्हणून.

"ताई, तुम्ही तरी सांगा ह्यांना. माझ्या सासूबाईंना कोणीतरी सांगितलं. परवा जेवताना मला विचारतात, 'व्याही म्हणे एकटेच बँकॉकला?' मी काय सांगायचं?"

"शेतं बघायला चाललेत म्हणून सांग," काका म्हणाले.

"बाबा, लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे कोण? नावं सांग. मी एकेकाला भेटून येतो."

"असं नसतं, बाबा."

"असंच असतं. चाळीस चाळीस लोक मी सांभाळलेत. जवळ जाऊन विचारलं की लोक असे नसतातच. एक सुलभाताई असतात आणि बाकीचे त्यांच्या मागे उभे असतात."

मग प्राजक्ताने तोडगा काढला, आणि तोच घात ठरला. "एकटं जाऊ नका. सोसायटीतले दोघंचौघं बरोबर घ्या. मग कोणी काही बोलणार नाही." काका नको म्हणायच्या आत तिने खाली जाऊन शहाभाईंना सांगितलंसुद्धा.

शहाभाई तर टपूनच होते. पण शहाभाई जाणार म्हटल्यावर सौ. शहा म्हणाल्या, मीही येणार, तुम्हाला एकट्याला तिथे सोडू काय. हे ऐकून पहिल्या मजल्यावरच्या केतनभाईंनी नाव दिलं, म्हणून त्यांच्या मिसेसनी दिलं. आठवड्याभरात पंधरा-सोळा माणसं झाली. प्रत्येक नवरा काकांवर लक्ष ठेवायला चालला होता आणि प्रत्येक बायको नवऱ्यावर. मोबाइलवर ग्रुप निघाला. त्याचं नाव 'काका के साथ थायलंड', आणि ग्रुपवर काकांचा पासपोर्टवरचा फोटो.

आणि प्रश्न सुरू झाले. काका, जैन खाना मिलेगा? काका, हॉटेलमध्ये किटली असते का? काका, स्वेटर घेऊ का?

मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगू? काका उत्तरं देत होते. मी त्यांना जिन्यात उभ्या उभ्या टाइप करताना पकडलं. "जैन मिलेगा, दो दिन पहले बताना. किटली सर्व खोल्यांत आहे. स्वेटर नको, बसमधल्या एसीसाठी ओढणी ठेवा." कपाळावर घाम, दात आवळलेले, आणि अंगठा चाललाय.

"काका, हे काय करताय?"

"मला थांबवता येत नाहीये," ते म्हणाले. त्या एका क्षणी ते रागावलेले नव्हते, घाबरलेले होते. तसे मला ते कधीच बघायचे नव्हते.

"मग चिडा ना," मी म्हटलं. "तुम्हाला येतं ते."

रविवारी सोसायटीच्या ऑफिसमध्ये मीटिंग ठेवली. प्लास्टिकच्या खुर्च्या, फाफडा, थर्मासमध्ये चहा. प्राजक्ता खास आली होती, दाराशेजारी बसली होती. सगळे आपल्याच कृपेने जमलेत असा शहाभाईंचा चेहरा. मी सहलीला जात नव्हते, पण हे बघायला मिळालं नसतं तर मी जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं.

काका समोर उभे राहिले. त्यांनी सगळ्यांना पळवून लावायचा बेत आखला होता आणि तो मला जिन्यातच सांगितला होता. हात डोक्यावर नेऊन त्यांनी कार्यक्रम वाचला. पहाटे साडेचारला वेक-अप कॉल. पाचला बॅगा दाराबाहेर. पाच वाजून दहा मिनिटांनी नाश्ता, उभ्याने. बसमध्ये जागा बदलायची नाही. देवळात बारा मिनिटं. बाजारात चाळीस, त्यात बाथरूम धरलेलं. उशीर झाला तर बस थांबणार नाही. दुपारी झोप नाही. रात्री नऊला दिवे बंद.

वाचून झालं. काका वाट बघत राहिले, आता कोण उठतंय म्हणून.

"एकदम फर्स्ट क्लास," केतनभाई म्हणाले.

"सब फिक्स है," सौ. शहा खूश होऊन म्हणाल्या. "हमको कुछ सोचने का ही नहीं."

टाळ्या पडल्या. शहाभाई सगळ्यांकडे वळून म्हणाले, "देखा, प्रोफेशनल आदमी है."

काकांनी हातातला कागद खाली ठेवला. एकेकाकडे बघितलं. आणि मग इतक्या शांत आवाजात बोलले की मागच्यांनी फाफडा चावायचा थांबवला.

"हे सगळं खोटं होतं. खरं आता सांगतो. हॉटेल घेतलेलं नाही, घेणार नाही. जेवण काय मिळेल मला माहीत नाही. जैन मिळेल का, माहीत नाही. मी एका गाडीत बसणार आणि मनात आलं की उतरणार. तिथे राहायला जागा असेलच असं नाही. पाऊस असेल तर भिजायचं. मी कोणाला मोजणार नाही. कोण मागे राहिलं, कोण हरवलं, मी बघणार नाही. मी खिडकीबाहेर बघणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी या."

"और बाथरूम?" केतनभाईंच्या मिसेसनी विचारलं.

"मिळालं तर."

खुर्च्या सरकल्या. कोणाला शुगर आठवली, कोणाला नातवाची मुंज, कोणाला गुडघा. शहाभाई म्हणाले, "ऑफिस में सीझन चल रहा है." पाच मिनिटांत ऑफिस रिकामं झालं. थर्माससुद्धा गेला. काकांच्या तोंडावर मी पहिल्यांदा काहीतरी हसण्यासारखं पाहिलं.

"मी येते," दाराजवळून प्राजक्ता म्हणाली.

"तू कशाला?"

"बिन हॉटेलचं, बिन बाथरूमचं. येते मी."

"नाही," काका म्हणाले. "हा प्रवास एकट्याचा आहे."

मग ती जी उठली. आयुष्यात पुष्कळ भांडणं मी चवीने ऐकली आहेत, पण ह्या भांडणाला मला दारातून हलताही येईना आणि थांबवतही नव्हतं.

"एकट्याचा. तुमचा कुठला प्रवास आमच्याबरोबरचा होता, बाबा? दिवाळीची सुट्टी लागली की तुमचा सीझन. मेची सुट्टी लागली की सीझन. लोकांच्या मुलांना हात धरून रस्ता ओलांडून द्यायचात तुम्ही, आणि मी इथे गच्चीत बसून विमानं बघायची. दर वेळी आई तुमची बॅग भरायची. स्वतः कुठे गेली ती? महाडला. एसटीने. माहेरी. दुसरं कुठलं गाव बघितलं तिने? आणि घरी आलात की जेवताना काय सांगायचात आम्हाला? सुलभाताईंना बटाटा मिळाला नाही. वर्षानुवर्षं तेच. आईला शेवटची तीन वर्षं बटाटा बंद होता, बाबा. तुम्हाला माहीत होतं?"

काका मघाच्या कागदाची घडी घालत राहिले.

"लोक काय म्हणतात त्याचं मला काय पडलंय. सासूबाईंचं नाव घेऊन मीच बोलत होते," ती म्हणाली आणि पर्स उचलून गेली. फाफड्याची प्लेट तिच्या पदराला लागून खाली पडली. काकांनी ती वाकून उचलली, फाफड्याचे तुकडे एकेक वेचले आणि मग वर गेले. त्या दिवशी जिन्यात आवाज नव्हता.

तरी ते गेलेच. ठरल्या दिवशी, ठरल्या विमानाने, एकटे. डोंबिवलीहून कोणी आलं नाही. आणि मी, जी सोसायटीशी त्यांच्यासाठी भांडले होते, ती त्यांच्यावरच रागावलेली होते. बॅग खाली उतरवायला मी नवऱ्याला पाठवलं, स्वतः दार उघडलं नाही.

महिन्याने परत आले ते रापलेले, नव्या रबरी चपला घातलेले. रविवारी पेपर वाचायला आले. माझा राग टिकला नाही, कारण मला सगळं ऐकायचं होतं.

"दिसला का देश?"

"दिसला." पेपर बाजूला ठेवला. "एका स्टेशनात गाडी उभी होती. स्टेशनमास्तर झारीने कुंड्यांना पाणी घालत होता. मी बघत होतो. सगळ्या कुंड्या होईपर्यंत बघितलं. कोणी दंडाला बोट टोचलं नाही." मग लगेच आवाज चढला. "आणि डोंबिवलीहून एक फोन नाही. महिनाभरात एक नाही."

"तुम्ही केलात का?"

"मी एकटा गेलो होतो," ते म्हणाले, जणू एवढ्यात सगळं आलं.

दोन आठवड्यांनी दुपारी जिन्यात ओळखीच्या चपला वाजल्या. मी गॅस बंद केला. वरचं दार उघडंच राहिलं असावं, कारण शब्दन् शब्द खाली येत होता.

"हे काय पाठवलंयत मला?"

"तिकीट."

"एकच आहे."

"एकटीचंच आहे. तुझ्या नवऱ्याशी मी बोलतो, सासूबाईंशीही बोलतो. तुला कोणी काही विचारणार नाही. उत्तरेकडून निघायचं, हळू गाडी घ्यायची. माणसाने एकदा तरी..."

"मला एकटीला जायचंय असं मी कधी म्हटलं?"

"मीटिंगमध्ये."

"मीटिंगमध्ये मी म्हटलं, मला तुमच्याबरोबर न्या."

"तू ओरडत होतीस, प्राजू."

"मग?"

"मग मला कसं कळणार? माझ्यासमोर जन्मभर जी जी माणसं ओरडली, त्यांना माझ्यापासून सुटका हवी होती. कोणाला घरी जायचं होतं, कोणाला दुसरा लीडर हवा होता. माझ्याबरोबर यायचंय म्हणून कोणी ओरडलेलं मी पाहिलेलं नाही."

वर किल्ल्यांचा आवाज झाला.

"चप्पल घाल," काका म्हणाले.

"आत्ता? मला पाचच्या आत डोंबिवलीला पोचायचंय. मुलाचा क्लास आहे."

"मग नको येऊस."

"आले म्हटलं ना."

दोघं जिना उतरायला लागली. ती म्हणत होती, तुम्ही आईला एकदा तरी विचारायला हवं होतं. ते म्हणत होते, हो, विचारायला हवं होतं, आणि तेही भांडणाच्याच आवाजात म्हणत होते. माझ्या दारासमोरून गेली तेव्हा दोघांची नाकं सारखीच लाल झाली होती.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"ह्यांना विचारा," ती म्हणाली.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी धावले. गेटपाशी काका पुढे आणि ती मागे पडली होती. "हळू चाला ना, मला पळवताय कशाला," ती ओरडली. काका थांबले. चेहरा काळानिळा झालेला. ती येऊन शेजारी उभी राहीपर्यंत ते तसेच उभे होते. मग दोघं कोपऱ्यावरच्या रिक्षात बसली. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "किधर?" कोणी उत्तर दिलं नाही. आत आईचं काहीतरी चाललं होतं, महाडचं, एसटीचं. त्याने पुन्हा विचारलं. मग वर माझ्याकडे बघितलं. मी हात पसरले.

तो थोडा वेळ इंजिन चालू ठेवून बसला. शेवटी त्याने स्वतःच ठरवलं असावं, कारण रिक्षा स्टेशनकडे न जाता खाडीच्या बाजूला वळली. वळणाच्या पलीकडे गेली तरी दोघांचा आवाज मला ऐकू येत होता.